फ्लॉपीचा ड्रायव्हर आहे, पण त्याच्यासमोर कंट्रोलर आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेटीभर जुन्या फ्लॉप्या आहेत, बहुतेक साडेतीन इंची, थोड्या सव्वापाच इंची. नव्या संगणकाला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडलात. काही डिस्क लगेच उघडल्या, काहींवर विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असं विचारतं. लिनक्सवर गेलात तर एफडी० नावाचं डिव्हाइसच दिसत नाही, आणि फ्लॉपी मॉड्यूल हाताने लोड करायला गेलं की 'असं डिव्हाइस नाही' म्हणून परत येतं. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी फ्लॉपीचा सपोर्ट काढून टाकला का, आणि टाकला असेल तर तो परत कसा आणायचा?

उत्तराआधी दोन गोष्टी आजच करा. एक, 'फॉरमॅट करायची का?' या प्रश्नाला प्रत्येक वेळी 'नाही' म्हणा. ती डिस्क रिकामी आहे असं विंडोजला कळलेलं नसतं. तिला ती वाचता आलेली नसते, एवढंच. दोन, प्रत्येक डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी राइट-प्रोटेक्ट करा. साडेतीन इंची डिस्कच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून खिडकी उघडी ठेवायची. आरपार दिसलं म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचं बरोबर उलटं आहे: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद. नुसतं वाचताना कोण कशाला लिहील, असं वाटेल. पण विंडोज ९५ आणि ९८ राइट-प्रोटेक्ट न केलेल्या डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये (डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये), ओईएम नावाच्या जागी, स्वतःची खूण लिहून ठेवत. जुन्या मशीनवर डिस्क तपासायला बसलात तर हे लागू होतं.

आता मूळ मुद्दा. सपोर्ट कोणी काढलेला नाही. लिनक्समध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर आजही आहे. विंडोजमध्येही यूएसबी फ्लॉपीची सोय आहेच, त्याशिवाय तुमच्या काही डिस्क उघडल्याच नसत्या. गायब झाला आहे तो कंट्रोलर, म्हणजे मदरबोर्डवरची ती चिप, जिच्याशी बोलण्यासाठी हा ड्रायव्हर लिहिला गेला. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह त्या ड्रायव्हरच्या वाटेला जातच नाही. तो पूर्ण वेगळ्या रस्त्याने येतो, म्हणून एफडी० दिसत नाही आणि मॉड्यूल लोड होत नाही. मॉड्यूल खरंच बोलतंय: त्याला हवं असलेलं डिव्हाइस तुमच्या मशीनमध्ये नाही.

हा फरक नीट कळला की 'ही डिस्क का वाचली जात नाही' याची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हाला सापडतील. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एनईसी कंपनीची मायक्रोपीडी ७६५ ही चिप होती. तिच्याच घराण्यातल्या इंटेलच्या ८२७२ए आणि नंतर ८२०७७एए. पुढे हीच यंत्रणा मदरबोर्डवरच्या सुपर आयओ चिपमध्ये विरघळली, पण ड्रायव्हरला दिसणारा चेहरा तोच राहिला: पोर्ट ३एफ० ते ३एफ७ (मधला ३एफ६ हार्ड डिस्कवाल्यांचा), इंटरप्ट ६ (म्हणजे 'काम झालं' हे प्रोसेसरला कळवणारी हाक), डीएमए चॅनेल २ (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत नेणारी वाट). चाळीस वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आणि आजचा ड्रायव्हर याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतात.

एक सेक्टर वाचताना काय होतं ते बघा. फाइल सिस्टिमने मागितला ब्लॉक क्रमांक १०००. डिस्क १.४४ एमबीची, म्हणजे ८० ट्रॅक (गोल पट्टे), २ बाजू, दर ट्रॅकवर १८ सेक्टर, दर सेक्टर ५१२ बाइट. एका सिलिंडरवर, म्हणजे दोन्ही बाजूंचे एकाच क्रमांकाचे ट्रॅक मिळून, ३६ सेक्टर. १००० ला ३६ ने भागलं की २७ येतात आणि २८ उरतात. म्हणजे सिलिंडर २७. उरलेल्या २८ मधले १८ पहिल्या बाजूचे, म्हणजे हेड ० चे, म्हणून आपलं हेड १; शिल्लक १०, आणि सेक्टर एकपासून मोजतात म्हणून सेक्टर ११. ड्रायव्हर आधी मोटर चालू करतो आणि ती पूर्ण वेगात येईपर्यंत साधारण अर्धा सेकंद थांबतो. मग हेड २७ व्या सिलिंडरवर नेण्याची कमांड देतो, इंटरप्ट येण्याची वाट बघतो, हेड खरंच तिथे पोचलं का हे कंट्रोलरला विचारतो. त्यानंतर वाचण्याची कमांड जाते, एकेक करून नऊ बाइट: ई६, ०४, १बी, ०१, ०बी, ०२, १२, १बी, एफएफ. यातला पहिला १बी म्हणजे सोळा आधारातला २७, आपला सिलिंडर. दुसरा १बी म्हणजे दोन सेक्टरमधल्या मोकळ्या जागेची लांबी. आकडा सारखा आला हा योगायोग. ०२ म्हणजे ५१२ बाइटचा सेक्टर, १२ म्हणजे सोळा आधारात १८, ट्रॅकवरचा शेवटचा सेक्टर. प्रत्येक बाइटआधी ड्रायव्हरला स्टेटस रजिस्टर तपासून 'आता घेतोस का?' असं विचारावं लागतं. काम झालं की कंट्रोलर सात बाइट परत देतो, आणि काय बिघडलं ते त्यातल्या पहिल्या तिनांत लिहिलेलं असतं: सेक्टर सापडलाच नाही, की सापडला पण सीआरसी (डेटा बरोबर आहे का हे पडताळणारा आकडा) जुळला नाही, की ॲड्रेस मार्क (सेक्टर कुठे सुरू होतो ती खूण) दिसलाच नाही.

या तीन तक्रारींचे अर्थ अगदी वेगळे आहेत. सीआरसी जुळला नाही म्हणजे डिस्कचा प्रकार बरोबर ओळखला गेलाय, फक्त तो तुकडा खराब झालाय. ॲड्रेस मार्क कुठेच नाही म्हणजे बहुधा डिस्क वेगळ्याच घनतेची किंवा वेगळ्याच घराण्याची आहे, आणि ती उत्तम स्थितीतही असू शकते. यूएसबी ड्राइव्हवर विंडोजच्या खिडकीत या दोन्हींचं रूपांतर त्याच एका प्रश्नात होतं: 'फॉरमॅट करायची का?' या प्रश्नाने किती चांगल्या डिस्क मेल्या असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१.४४ च्या डिस्कवर डेटा सेकंदाला ५०० किलोबिट वेगाने येतो, म्हणजे दर १६ मायक्रोसेकंदाला एक बाइट. डिस्क फिरतेच आहे, ती कुणासाठी थांबत नाही. तेवढ्या वेळात बाइट उचलला नाही तर ओव्हररन, म्हणजे तो बाइट हातचा गेला. म्हणून डीएमए लागतो, आणि तो डीएमए जुन्या आयएसए काळातला असल्याने त्याला पहिल्या १६ एमबीच्या वरची मेमरी दिसत नाही आणि ६४ केबीची हद्द ओलांडता येत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ही दुसरी अट विसरली तर एक फार फसवी चूक होते: बफर हद्दीवर पडला की पत्ता पुन्हा त्याच ६४ केबीच्या सुरुवातीला जातो आणि डेटा भलत्याच ठिकाणी लिहिला जातो. एरर येत नाही. शंभर वेळा चालतं, एकशेएकाव्या वेळी दुसऱ्याच कुणाची मेमरी बिघडते. लिनक्सचा ड्रायव्हर म्हणूनच या अटींत बसणारा स्वतःचा वेगळा बफर राखून ठेवतो आणि तिथून डेटा पुढे नेतो.

तुमच्या नव्या मशीनमध्ये हे सगळं का उभं करता येत नाही, तेही इथेच आलं. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून त्या जुन्या डीएमए चॅनेल २ पर्यंत पोचता येत नाही, आणि सुपर आयओ चिपला जोडणाऱ्या एलपीसी बसच्या जागी नव्या चिपसेटवर आलेल्या ईएसपीआयने तो डीएमए सोडूनच दिला. मदरबोर्डवर ३४ पिनांचा फ्लॉपी कनेक्टर नसेल तर ड्रायव्हरच्या आवृत्त्या शोधण्यात वेळ घालवू नका. इंटरनेटवर 'फ्लॉपी ड्रायव्हर डाउनलोड' म्हणून जे काही मिळतं, त्याने हा कंट्रोलर उगवणार नाही.

आता यूएसबी ड्राइव्ह. त्याच्या पोटात एक छोटा कंट्रोलर आहे आणि तो संगणकाशी मास स्टोरेजच्या भाषेत बोलतो. फ्लॉपीसाठीच्या त्या भाषेच्या पोटभाषेला यूएफआय म्हणतात. लिनक्सवर तो एसडीए, एसडीबी असा, म्हणजे पेनड्राइव्हसारखाच दिसतो. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी लिनक्सची कमांड) काढून बघा, जोडल्याच्या ओळी तिथे असतील. विंडोजमध्येही दोन वाटा वेगळ्या आहेत: मदरबोर्डवरच्या कंट्रोलरसाठी एफडीसी आणि फ्लपीडिस्क हे ड्रायव्हर, यूएसबीवाल्यासाठी एसफ्लॉपी.

या भाषेत 'मला ब्लॉक क्रमांक १००० दे' एवढंच म्हणता येतं. 'हेड इकडे ने, वेग बदलून बघ, सेक्टर १०२४ बाइटचा समज' असं काही म्हणायची सोय नाही. कोणते फॉरमॅट चालतील ते ड्राइव्ह बनवणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं: १.४४ एमबी जवळजवळ नेहमी, ७२० केबी बऱ्याचदा, आणि जपानी संगणकांचा १०२४ बाइट सेक्टरचा फॉरमॅट काहींमध्ये. बाकी सगळं बंद. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअर विकण्यासाठी वापरलेला डीएमएफ, ज्यात ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर कोंबून १.६८ एमबी बसवले होते. जुन्या कंट्रोलरवर लिनक्सचा ड्रायव्हर तो वाचतो. यूएसबीवर आशा ठेवू नका.

तुमच्या न उघडणाऱ्या डिस्कपैकी काही नक्की या एका कारणाने अडल्या असतील, म्हणून आधी हे करून बघा. १.४४ च्या डिस्कला दोन्ही कोपऱ्यांत भोकं असतात: एक राइट-प्रोटेक्टचं, दुसरं 'मी हाय डेन्सिटी आहे' हे सांगणारं. ७२० केबीच्या डिस्कला दुसरं भोक नसतं. पूर्वी पुष्कळ लोक हाय डेन्सिटीची डिस्क ७२० केबीच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घालून फॉरमॅट करत. त्या ड्राइव्हला भोक तपासायचा सेन्सरच नसे, म्हणून ते चालून जाई. आज तीच डिस्क यूएसबी ड्राइव्हमध्ये घातली की तो भोक बघतो, ५०० किलोबिटने वाचू लागतो आणि त्याला काहीच सापडत नाही, कारण डिस्कवर २५० किलोबिटने लिहिलंय. ते दुसरं भोक काळ्या, जाड चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी झाका आणि पुन्हा घाला. पट्टी घट्ट आणि सपाट बसवा. ती ड्राइव्हच्या आत सुटली तर नवीन उपद्व्याप. पारदर्शक टेप चालत नाही, कारण काही ड्राइव्हमध्ये सेन्सर प्रकाशाचा असतो.

मॅकच्या डिस्क असतील तर दोन प्रकार ओळखायला शिका. १.४४ वाल्या मॅक डिस्कचं लेखन पीसीसारखंच, एमएफएम पद्धतीचं असतं. ती सेक्टर म्हणून वाचली जाते, फक्त वरची फाइल सिस्टिम एचएफएस असते. विंडोजला ती कळत नाही म्हणून ते फॉरमॅटचं विचारतं. लिनक्सचं एचएफएस मॉड्यूल ती उघडतं. नव्या मॅकवर मात्र हात टेकावे लागतील, कारण कॅटालिना या आवृत्तीपासून ॲपलने जुन्या एचएफएसचं वाचनही काढून टाकलं. इथे ऑपरेटिंग सिस्टिमने खरोखरच दार बंद केलं आहे, पण ते फाइल सिस्टिमचं, ड्राइव्हचं नव्हे. ८०० केबीच्या मॅक डिस्कची गोष्ट निराळी. तिचं लेखन जीसीआर पद्धतीचं, आणि बाहेरून आत जाताना मोटरचा वेग पाच टप्प्यांत बदलतो: बाहेरच्या १६ ट्रॅकवर १२ सेक्टर, मग ११, १०, ९ आणि सगळ्यात आत ८. ७६५ घराण्याच्या कंट्रोलरला जीसीआर येत नाही. कुठलाही ड्रायव्हर बदलून ती पीसीच्या साध्या कंट्रोलरवर वाचता येणार नाही. अमिगाची ८८० केबी डिस्क एमएफएममध्येच असते, पण तिच्यावरच्या ट्रॅकची मांडणी ७६५ ला अपेक्षित असलेल्या मांडणीसारखी नसते, म्हणून तीही नाही.

सव्वापाच इंचीसाठी यूएसबीचा विचार सोडा. खरा ड्राइव्ह आणि ३४ पिनांची केबल लागणार. त्यात ३६० केबीची डिस्क १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायची असेल तर दोन गोष्टी ड्रायव्हरने सांभाळाव्या लागतात. त्या डिस्कवर ४० च ट्रॅक, म्हणून हेड दर वेळी दोन पावलं टाकतं. आणि १.२ चा ड्राइव्ह मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे फिरतो, म्हणून २५० किलोबिटने लिहिलेला डेटा ३०० किलोबिटने येतो. कंट्रोलरमध्ये ३०० चा वेग मुख्यतः याच एका जोडीसाठी आहे. वाचायला काही हरकत नाही. लिहू मात्र नका: या ड्राइव्हचं हेड अरुंद, ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी लिहितं, आणि मग मूळ ३६० च्या ड्राइव्हला जुनं आणि नवं दोन्ही एकदम ऐकू येतं.

जुनं मशीन मिळालं आणि त्यात कंट्रोलर असेल तर बायोसमध्ये ड्राइव्हचा प्रकार बरोबर निवडा. ड्रायव्हर तो सीमॉसमधून, म्हणजे बायोसची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीतून, वाचतो आणि त्यावरून कोणते फॉरमॅट कोणत्या क्रमाने आजमावायचे ते ठरवतो. कनेक्टर दिसला तरी शेवटच्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर एकच ड्राइव्ह चालतो. केबलला मधे पीळ असतो, १० ते १६ क्रमांकाच्या तारांना. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह ए, अलीकडचा बी. चालू केल्याबरोबर ड्राइव्हचा दिवा लागला आणि विझेचना, तर केबल उलटी लागली आहे. डिस्क न घालता आधी ती सरळ करा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सांगतो, कारण जुना ड्राइव्ह जोडणाऱ्या कुणावरही ती येऊ शकते. ३४ व्या पिनेवर 'डिस्क बदलली' हा सिग्नल असतो. डिस्क बाहेर काढली की ड्राइव्ह तो लावतो, आणि नवी डिस्क आत असताना हेड एक पाऊल हललं की तो उतरतो. ड्रायव्हर ३एफ७ पोर्टच्या सर्वांत वरच्या बिटवर तो बघतो. बिट लागलेला दिसला की मेमरीत साठवलेली डिरेक्टरी आणि फॅट (कुठला तुकडा कुठल्या फाइलचा हे सांगणारा तक्ता) फेकून द्यायचे आणि नव्याने वाचायचे. फ्लॉपीला स्वतःहून 'मला बाहेर काढलं' असं सांगता येत नाही. सगळी भिस्त या एका तारेवर आहे.

दुसऱ्या एका संगणकातून काढलेला ड्राइव्ह एकदा माझ्याकडे दुरुस्तीच्या मशीनमध्ये लागलेला आला. त्या ड्राइव्हवर ३४ वी पिन 'डिस्क बदलली' ऐवजी 'ड्राइव्ह तयार' या अर्थाने जंपर (ड्राइव्हवरची सेटिंग बदलणारी छोटी पिन-टोपी) लावून ठरवलेली होती. काम करणाऱ्याने पहिली डिस्क घातली, यादी बघितली, कॉपी केली. दुसरी घातली; यादी पहिलीचीच. त्याला वाटलं दोन्ही डिस्क सारख्या आहेत. तिसरी, चौथी, तेच. कॉपी झालेल्या फाइलींची नावं पहिल्या डिस्कची होती आणि आतला मजकूर ज्या डिस्कचा असेल त्याचा, तोही अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. एवढ्यावर निभावलं असतं, पण एका डिस्कवर त्याने एक फाइल जतन केली. ड्रायव्हरने मेमरीतला पहिल्या डिस्कचा फॅट त्या डिस्कवर लिहिला. त्या डिस्कवरचा डेटा जागेवर होता, फक्त कुठला तुकडा कुठल्या फाइलचा हे सांगणारा नकाशा दुसऱ्याच डिस्कचा झाला. फॅटची दुसरी प्रतही त्याच वेळी लिहिली गेली होती. मी दोन संध्याकाळी तुकडे जोडत बसलो; सगळे जुळले नाहीत.

म्हणून जुना ड्राइव्ह जोडल्यावर पहिली चाचणी हीच: बिनमहत्त्वाच्या दोन वेगवेगळ्या डिस्क घ्या, एक घालून यादी काढा, ती काढून दुसरी घाला, पुन्हा यादी काढा. यादी बदलली नाही तर पुढे जाऊ नका. ड्राइव्हचा जंपर शोधा. तो नसेलच तर लिनक्सच्या ड्रायव्हरला 'ब्रोकन डीसीएल' हा पर्याय देता येतो. मग तो या तारेवर विश्वास ठेवत नाही आणि डिव्हाइस उघडताना दर वेळी डिस्क बदललीच आहे असं धरून चालतो. थिंकपॅड लॅपटॉपमध्ये या सिग्नलचा अर्थच उलटा असल्याने त्याच्यासाठी 'थिंकपॅड' नावाचा पर्याय आहे. डीएमए नीट न चालणाऱ्या मशीनसाठी 'नोडीएमए' आहे. त्या पर्यायांची यादी वाचताना मला प्रत्येकामागे कुणाची तरी बिघडलेली डिस्क आणि कुणीतरी चिकाटीने शोधलेलं कारण दिसतं.

ड्रायव्हर टिकून का आहे, तेही जाणून घ्या, कारण त्याचे परिणाम तुमच्यापर्यंत येतात. लिनक्समध्ये फ्लॉपीचा कोड १९९१ पासून आहे. पुढे अलेन क्नाफ यांनी त्यावर फार मोठं काम केलं, डॉसच्या डिस्क हाताळणारी एमटूल्स ही साधनंही त्यांनीच पुढे सांभाळली. २०१९ मध्ये सांभाळणाऱ्याकडे चालू हार्डवेअर उरलं नाही, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने हा ड्रायव्हर 'पोरका' म्हणून नोंदवला. पण काढला नाही, कारण व्हर्च्युअल मशीनमध्ये हाच जुना कंट्रोलर अजून नक्कल करून दिला जातो. नंतर डेनिस येफ्रेमॉव्ह यांनी तो सांभाळायला घेतला. त्याच वर्षी त्यात दोन सुरक्षा त्रुटी दुरुस्त झाल्या: फॉरमॅटच्या वाटेवर शून्याने भागाकार, आणि डिस्कच्या मापांची नीट तपासणी न झाल्याने हद्दीबाहेरचं वाचन. त्याआधी २०१५ च्या मे महिन्यात 'व्हेनम' गाजलं होतं. ही त्रुटी लिनक्सच्या ड्रायव्हरमधली नव्हे, क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या नकली फ्लॉपी कंट्रोलरमधली. ५१२ बाइटच्या बफरबाहेर लिहून व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडण्याची वाट त्यातून उघडत होती, आणि चूक २००४ पासून तिथे होती. ज्या मशीनला फ्लॉपी दिलेलीच नाही, तिथेही तो कंट्रोलर मागे जिवंत असे.

२०२२ मध्ये आणखी एक त्रुटी सापडल्यावर कंट्रोलरला थेट कच्च्या कमांड देण्याची सोय कर्नलमध्ये मुळातच बंद ठेवायला सुरुवात झाली. हा निर्णय मला योग्य वाटतो, पण तुम्हाला तो अडवेल: एफडीयूटिल्स या फ्लॉपीच्या साधनसंचातला सुपरफॉरमॅट हा फॉरमॅट करणारा प्रोग्राम याच सोयीवर चालतो. नव्या कर्नलवर तो चालेना तर ड्राइव्हला दोष देऊ नका. कर्नल पुन्हा बांधताना तो पर्याय चालू करा किंवा त्या कामापुरता जुना कर्नल वापरा.

व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर बूट होताना 'एफडी०, सेक्टर ०, आयओ एरर' अशा ओळी दिसतात. तिथे फ्लॉपी असल्याचं बायोस सांगतं आणि प्रत्यक्षात काही नसतं. मशीनच्या सेटिंगमधून फ्लॉपी काढा आणि मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते आपोआप लोड होऊ देऊ नका. बूटही लवकर होईल.

वाचायला बसाल तेव्हा फाइली ओढून कॉपी करू नका. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत एकाच फाइलमध्ये, घ्या आणि फाइली इमेजमधून काढा. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा, कुठले सेक्टर वाचून झाले ते नोंदवणारी मॅप फाइल दिलीच पाहिजे, आणि डायरेक्ट ॲक्सेसचा पर्याय चालू ठेवा. तो नसेल तर कर्नल ४०९६ बाइटचे तुकडे मागतो आणि एका खराब सेक्टरपायी शेजारचे सात चांगलेही हातचे जातात. चांगली डिस्क एका मिनिटाच्या आसपास होते; १६० ट्रॅक, प्रत्येकाला किमान एक फेरा म्हणजे ०.२ सेकंद, तेव्हा ३२ सेकंदांच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. इमेज नेमकी १४,७४,५६० बाइटची हवी. डिस्क अडली तर तासन्‌तास घासत बसू नका. काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये त्याच मॅप फाइलवर पुढे चालू करा. दोन ड्राइव्हची हेडं किंचित वेगळी बसलेली असतात, त्यामुळे एकाला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आणि प्रत्येक डिस्क घालण्याआधी तिचं धातूचं झाकण सरकवून आत बघा. तपकिरी पृष्ठभागावर राखाडी ठिपके किंवा गोल ओरखडे दिसले तर ती बाजूला ठेवा. बुरशीची एक डिस्क हेड घाण करते, आणि ते हेड पुढच्या दहा डिस्क खरवडतं.

यूएसबीवर न वाचलेल्या, सव्वापाच इंची, मॅकच्या ८०० केबी, अशा सगळ्यांसाठी माझा सल्ला ग्रीसविझल. कीअर फ्रेझर यांनी बनवलेला हा छोटा बोर्ड. एका बाजूला ३४ पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ऑपरेटिंग सिस्टिमला तो नुसता सिरियल पोर्ट दिसतो, त्यामुळे फ्लॉपीच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. तो सेक्टर वाचत नाही. चुंबकीय दिशा कधी पालटली त्या दोन क्षणांमधला वेळ मोजतो. १.४४ च्या डिस्कवर ही अंतरं साधारण २, ३ आणि ४ मायक्रोसेकंद येतात, ७२० वर ४, ६ आणि ८. त्यावरून सेक्टर काढायचं काम संगणकावरचा प्रोग्राम करतो, डिस्क कपाटात परत गेल्यावरही पुन्हा पुन्हा करू शकतो. म्हणजे ७६५ ने फिरत्या डिस्कवर जे एका फटक्यात ठरवलं असतं, ते आता सावकाश ठरवता येतं. जीसीआर असो वा अमिगा, डिस्कवर खुणा शिल्लक असतील तर वाचता येतात. सव्वापाच इंचीचा ड्राइव्ह घ्यायचा तर त्याला १२ व्होल्टही लागतात, तेवढं पॉवर सप्लाय निवडताना बघा.

तुमच्या पेटीसाठी क्रम असा ठेवा: आधी यूएसबीवर सहज उघडणाऱ्यांच्या इमेज, मग भोकावर पट्टी लावून बघायच्या, मग उरलेल्या. जुनं मशीन जोडलंत तर डीमेसेजमध्ये 'एफडी० इज १.४४एम' आणि तिच्याखाली 'एफडीसी ० इज अ पोस्ट-१९९१ ८२०७७' या दोन ओळी शोधा. त्या दिसल्या की कंट्रोलर भेटला. आल्या नाहीत तर बायोसचं सेटिंग आणि केबल बघून त्या भागातल्या ओळी जशाच्या तशा मला पाठवा. न वाचलेल्या डिस्कचं लेबल आणि कोपऱ्यातली भोकं दिसतील असा फोटोही सोबत द्या.